विहिरीवरची हरिता

सुधाकर घाडी यांनी सोसायटीच्या फलकावर आयुष्यात पहिल्यांदा एक सूचना लावली, आणि त्या सूचनेपायी तळमजल्यावरच्या हेमालीचं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ आली. आता कुणी म्हणेल, असं काय लिहिलं होतं त्यात? तर काहीही वावगं नव्हतं. ऱ्हस्वदीर्घाचीसुद्धा चूक नव्हती. सुधाकररावांनी सगळी नोकरी एका विमा कंपनीत, लोकांचे दावे का मंजूर होऊ शकत नाहीत हे सभ्य भाषेत कळवण्यात घालवली होती. त्यामुळे त्यांच्या लेखी मराठीत बोट ठेवायला जागा नसायची. घोटाळा भाषेचा नव्हताच. घोटाळा शेवाळाचा होता.

नायगावला पश्चिमेकडे, रिक्षाने गेलं तर लवकर आणि चालत गेलं तर वेळेवर पोचता येईल अशा अंतरावर केळबाग सोसायटी आहे. नावातली केळी केव्हाच गेली. ही सगळी पूर्वी हरिश्चंद्र चुरींची वाडी. जागा बिल्डरला देताना चुरींनी तळमजल्यावरची घरं घेतली आणि एक अट घातली, की वाडीतली विहीर बुजवायची नाही. का बुजवायची नाही, ते बिल्डरने विचारलं नाही आणि चुरींनी सांगितलं नाही. त्यामुळे पार्किंगच्या मागे, पंपाच्या खोलीला लागून ती दगडी विहीर अजून आहे. तिचं पाणी सोसायटीच्या फ्लशला जातं आणि तिच्या कठड्यावर लोक ओल्या छत्र्या ठेवतात.

त्या श्रावणात सुधाकररावांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर डॉक्टर सहज म्हणाले, आता हिरवं बिरवं बघत जा, बरं वाटेल. सुधाकरराव डॉक्टरांचं बोलणं सहज घेणाऱ्यांतले नव्हते. खाली उतरून त्यांनी सोसायटीत हिरवं काय काय आहे याची रीतसर पाहणी केली. सेक्रेटरी क्लेमेंट तुस्कानो यांच्या स्कूटरचं कव्हर, पंपाच्या खोलीचं दार आणि विहिरीचा कठडा, एवढंच निघालं. कव्हर आणि दार बघण्यात फार वेळ जाईना, म्हणून ते कठड्याकडे वळले. खिशात तिकिटं जमवायच्या काळातलं भिंग होतं.

भिंग लावून ते जे वाकले, ते त्यांच्या पत्नी मनोरमाबाईंनी वरून गॅलरीतून हाका मारमारून घसा कोरडा करेपर्यंत वाकलेलेच राहिले. लांबून जो नुसता हिरवा थर दिसत होता त्यात झाडं होती. नखाएवढीसुद्धा नाहीत, पण झाडं. प्रत्येकाला खोड, खोडाभोवती गोल लागलेली पानं, आणि मधूनमधून केसासारखे बारीक तांबूस देठ वर आलेले. देठाच्या टोकाला एक बोंड, आणि बोंडावर टोपी. टोपी म्हणजे खरोखरच टोपी, टोकदार, जराशी वाकडी बसलेली. एक बारीक कोळी त्या रानातून वाट काढत निघाला होता आणि त्याला कुठेतरी वेळेत पोचायचं असावं. इतकी वर्षं आपण ह्याच्यावर छत्री ठेवत होतो, या विचाराने सुधाकररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे घाडींच्या घरात जेवताना दुसरा विषय निघेना. ह्याला मुळंच नसतात. नुसत्या धाग्यांनी दगडाला धरून बसतं, आणि पाणी पितं ते पानांनी. फूल नाही, फळ नाही, बी नाही. पृथ्वीवर फुलं यायच्या कितीतरी आधी ह्याचे पूर्वज आले, आणि जिथे नुसता खडक होता तिथे मूठ मूठ माती धरायला लागले. त्याच्या एका चिमटीत आठ पायांचे इतके बारीक जीव राहतात, की त्यांना बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. मनोरमाबाई ऐकून घ्यायच्या. एकदा एवढंच म्हणाल्या, की आपल्या बाथरूमच्या कोपऱ्यातही हिरवं झालंय, त्याचे पूर्वज कधी आले ते बघा आणि नंतर घासून काढा. सुधाकररावांनी बाथरूममध्ये भिंग नेलं आणि बाहेर येऊन सांगितलं, की ते वेगळं. ते नुसतं बुळबुळीत आहे, त्याला पानं नाहीत. मग त्यांनी ते घासलं. ज्ञान आणि घरकाम यांत ते गल्लत करत नसत.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण गणपतीच्या आधी कंपाउंडची रंगरंगोटी करायचं ठरलं आणि क्लेमेंट तुस्कानोंनी कमिटीत मांडलं, की विहिरीचा कठडा ॲसिडने घासून घेऊ आणि वर पांढऱ्या लाद्या बसवू. क्लेमेंट माणूस सरळ. लाद्यांवर मात्र त्याचा फार जीव. जिथे लादी नाही ती जागा अर्धवट राहिली असं त्याला मनापासून वाटायचं. सुधाकरराव सभेत उभे राहिले आणि त्यांनी शेवाळाची बाजू मांडली. पाय घसरतो ते शेवाळ वेगळं आणि हे शेवाळ वेगळं, आपल्या भाषेत दोघांना शब्द एकच पडला एवढाच ह्याचा गुन्हा, वगैरे. क्लेमेंटने सगळं नीट ऐकलं.

"म्हणजे शेवाळच ना, घाडी साहेब?" तो म्हणाला.

सभेत हशा पिकला. सुधाकरराव खाली बसले. शेवटी असं ठरलं, की शेवाळ राखण्याबद्दल पालिकेचा काही लेखी कागद आणला तर कमिटी विचार करेल, तोवर लादीवाला थांबेल. ह्याचा अर्थ, कागद मिळणार नाही, असा होता. तो सुधाकररावांना सोडून सगळ्यांना कळला.

प्रभाग कचेरीत त्यांचं स्वागत चांगलं झालं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, झाड तोडतायत का? तर झाड नाही. मग तळं बुजवतायत का? तर तळंही नाही. बाईंनी संगणकाकडे बघून सांगितलं, की तक्रार झाड, तळं, गटार, डास किंवा भटकी कुत्री यांपैकी कशात तरी बसवावी लागते. सुधाकरराव म्हणाले, माझी तक्रार नाहीच, उलट कौतुक आहे. कौतुकाला खिडकी नाही, असं बाई म्हणाल्या, आणि त्यात कुचेष्टा अजिबात नव्हती, त्या खरोखरच शोधत होत्या. शेवटी त्यांनी विषयात 'विहिरीवरील शेवाळ' असं घातलं आणि गटार ह्या सदरात बसवून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी पालिकेची दोन माणसं ब्लीचिंग पावडरचं पोतं घेऊन दारात उभी. आजवर पालिकेला केलेल्या कुठल्याही अर्जाला इतक्या तातडीने उत्तर आलेलं सुधाकररावांना आठवत नव्हतं, आणि ते यायचं तर आजच यावं. ते बनियनवर खाली धावले आणि विहिरीपुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. त्या माणसांचीही अडचण होती. काम झाल्याचा फोटो पाठवल्याशिवाय त्यांना परत जाता येत नव्हतं. मनोरमाबाईंनी चहा पाठवला, चहावर तोडगा निघाला. पावडर फाटकाबाहेरच्या गटाराच्या कडेला भुरभुरली गेली आणि तिच्याशेजारी सुधाकररावांना बनियनवर उभं करून, तक्रारदार समाधानी आहेत, असा फोटो काढण्यात आला.

त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की सगळा दोष त्या शब्दाचा आहे. शेवाळ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे घसरलेला पाय येतो, आणि हात आपोआप खराट्याकडे जातो. दुसरा शब्द पाहिजे. त्यांनी वाचनालयातले जाडजूड कोश खाली उतरवून घेतले आणि एका कोशात त्यांना तो सापडला. हरिता. ते तिथल्या तिथे दोनदा मोठ्याने म्हणाले. किती छान, किती स्वच्छ शब्द. ह्या शब्दावर ॲसिड ओतायची कुणाची छाती होईल? घरी येऊन त्यांनी एकटाकी सूचना लिहिली, आणि शेवाळ हा शब्द तीत चुकूनही येऊ दिला नाही.

सूचना अशी होती: 'सर्व सभासदांस नम्र विनंती. आपल्या विहिरीवर हरिता अनेक वर्षांपासून वास्तव्यास आहे. ती कोणासही त्रास देत नाही. तिला मुळे नाहीत. उन्हाळ्यात ती मृतवत पडून असते, परंतु पाणी मिळताच पुन्हा जिवंत होते. माणूस पृथ्वीवर येण्याच्या फार पूर्वीपासून तिचे येथे वास्तव्य आहे. तरी तिला खरवडू नये, तिच्यावर ब्रश, खराटा अथवा ॲसिड यांचा प्रयोग करू नये. तिला तिच्या जागी शांतपणे राहू द्यावे. आपला नम्र, सु. घाडी.'

पुन्हा वाचून बघा. एक अक्षर खोटं नाही.

सूचना लागली तेव्हा बहुतेकांनी जाताजाता वरच्या दोन ओळी आणि खालचं ॲसिड एवढंच वाचलं. तिसऱ्या मजल्यावरच्या रोवेना मॅडम मनाने फार मऊ. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, की ही मुलगी विहिरीवर का राहते, तिला घर नाही का? मागोमाग त्यांनी दोन चुडीदार आणि एक स्वेटर घाडींच्या दाराशी आणून ठेवला. भाजीच्या गाडीवर मनोरमाबाईंना कुणीतरी हलक्या आवाजात विचारलं, मुळं नाहीत म्हणजे अनाथ आहे का हो? पुण्याहून मुलाचा, परेशचा फोन आला, की बाबा, हरिता कोण? ह्या प्रश्नाला वडिलांनी 'सविस्तर भेटीत सांगतो' असं उत्तर दिल्यामुळे तिथेही संशयाला जागा झाली. आणि ॲसिडचं वाचून कुणीतरी सरळ पोलिसांना कळवलं.

एक तरुण हवालदार आला. नम्र होता. त्याने हरिता मॅडम कुठे आहेत असं विचारलं.

"विहिरीवर," सुधाकरराव म्हणाले.

"आत की बाहेर?"

"दोन्हीकडे," सुधाकरराव म्हणाले, कारण कठड्याच्या आतल्या अंगाला ती बाहेरच्यापेक्षाही दाट होती.

हवालदाराने टोपी काढली, डोकं पुसलं आणि टोपी पुन्हा घातली. सुधाकररावांनी त्याला विहिरीपाशी नेलं, भिंग हातात दिलं आणि बरंच काही सांगितलं. एवढा वेळ देऊन ऐकणारा माणूस त्यांना बऱ्याच दिवसांनी मिळाला होता. हवालदाराने भिंगातून बघितलं, टोप्या आहेत खऱ्या, असंही म्हणाला. मग त्याने सगळे मजले पालथे घातले, दारोदार विचारलं आणि जाताना क्लेमेंटला सांगून गेला, की हरिता नावाची कुठलीही बाई ह्या इमारतीत राहत नाही, राहिलेली नाही आणि कुणी पाहिलेलीही नाही.

आता तुम्हीच विचार करा. एक बाई विहिरीवर अनेक वर्षं राहते, असं घाडींसारखा शुद्ध लिहिणारा माणूस सही करून सांगतो. ती कुणाला दिसलेली नाही, असं पोलीस सांगतात. आता सगळ्यांनी सूचना पहिल्यांदाच नीट, शेवटपर्यंत वाचली. मृतवत पडून असते. पाणी मिळताच जिवंत होते. माणसांच्या आधीपासून आहे. शांतपणे राहू द्यावे. दिवेलागणीच्या आत पार्किंगमधून लहान मुलं वर बोलावली गेली. कठड्यावरच्या छत्र्या नाहीशा झाल्या. क्लेमेंट म्हणाला, मी असल्या गोष्टी मानत नाही, मी चर्चला जाणारा माणूस आहे, आणि त्याने स्कूटर पुढच्या फाटकाशी लावायला सुरुवात केली. लादीवाला फोन उचलेनासा झाला.

सुधाकररावांनी खुलासा केला नाही असं नाही. रोवेना मॅडमना स्वेटर परत करताना त्यांनी सांगितलं, की हरिता म्हणजे ते विहिरीवरचं हिरवं. मॅडम हो हो म्हणाल्या आणि छातीवर क्रूसाची खूण करून दार लावून घेतलं. जिन्यात दोघातिघांना सांगितलं, ते त्यांच्याकडे दयेने बघायला लागले. मग त्यांनी सांगणं सोडलं. आणि खरं सांगायचं तर विहिरीपाशी आता कुणी फिरकत नव्हतं, ही गोष्ट त्यांना मनातून आवडायला लागली होती. भाद्रपद, आश्विन, दोन महिने कठड्याला कुणाचं बोट लागलं नाही. हरिता इकडून तिकडे सरकली, दगडांच्या फटीतून वर चढली. तिच्यात एक इवलंसं नेचं उगवलं. सुधाकरराव रोज सकाळी भिंग घेऊन एकटे जायचे, एकटे परत यायचे आणि लोक त्यांना वाट करून द्यायचे. उगाच नाकारण्यासारखा मान नव्हता तो.

मग एका दुपारी मथुराकाकू वर आल्या. मथुराकाकू म्हणजे हरिश्चंद्र चुरींची बायको. लग्न होऊन वाडीत आल्या तेव्हापासून त्यांनी त्या विहिरीचं पाणी काढलेलं. लिफ्ट बंद होती, त्या जिना चढून आल्या. मनोरमाबाईंनी चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाल्या. ह्यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे दोघांना कळलं, कारण मथुराकाकूंनी चहा नको म्हटल्याचं नायगावात कुणी ऐकलं नव्हतं.

"घाडीभाऊ, आमच्या घरात हरिता नावाची बाई कधी झाली नाय," त्या म्हणाल्या. "माझ्या चार नणंदा. चारी नांदल्या, चारींना नातवंडं झाली. त्या विहिरीत साधं मांजर पन बुडालं नाय. आता आगाशीची मानसं विचारतात, तुमच्या घरातली कोन गेली विहिरीत. मी काय सांगू त्यांना?"

आगाशीची माणसं म्हणजे हेमालीची होणारी सासरची. हेमाली मथुराकाकूंची नात. मुलगा पसंत, मुलगी पसंत, तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा करायचा एवढं ठरलेलं. पण केळबाग सोसायटीतली बातमी रिक्षाने आगाशीला पोचली होती. पोचेपर्यंत हरिता ही चुरींची सून झाली होती आणि तिला कुणी जाळली की ढकलली एवढाच प्रश्न उरला होता. त्या घरातली मुलगी करावी का नाही, असं तिकडे चाललं होतं. साखरपुड्याची तारीख ते काढत नव्हते. हेमाली घरात कुणाशी बोलत नव्हती.

सुधाकररावांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. दोन महिने आपण मिरवत होतो, आणि खालच्या मजल्यावर एक म्हातारी ह्या लाजेने जळत होती. त्यांनी हात जोडले.

"तुम्ही लिवलंत म्हनून मानसं बोलतात," मथुराकाकू उठताना म्हणाल्या. "आता तुम्हीच त्यांची तोंडं बंद करा."

त्याच संध्याकाळी सुधाकररावांनी दुसरी सूचना लिहिली. ह्या वेळी कुठेही संदिग्धता राहू नये म्हणून त्यांनी नोकरीतला सगळा अनुभव पणाला लावला. शेवाळ हा शब्द मात्र ह्याही वेळी येऊ दिला नाही. 'हरिता नावाची कोणतीही जिवंत व्यक्ती या आवारात नाही व कधीही नव्हती. तिचा चुरी कुटुंबाशी काडीमात्र संबंध नाही. तथापि ती जिवंत आहे.' ह्यातलं शेवटचं वाक्य गाळा असं मनोरमाबाईंनी सांगितलं होतं. पण ते गाळलं तर हरिता मेली असा अर्थ झाला असता, आणि तो वस्तुस्थितीला धरून नव्हता. सूचना लागली आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीतली दोन भाडेकरू कुटुंबं सामान बांधू लागली.

शेवटी क्लेमेंट त्यांच्याकडे आला. सोफ्याच्या टोकावर बसला.

"घाडी साहेब, सिम्पल आहे," तो म्हणाला. "तुमची हरिता शेवाळ आहे ना? मग शेवाळासारखी घासून टाका. आगाशीच्या लोकांना बोलवा, त्यांच्यासमोर घासा. भूत असेल तर घासू देणार नाही. शेवाळ असेल तर निघेल."

सुधाकररावांनी ह्या युक्तिवादात खोट शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. सापडली नाही. हजारो दावे नाकारलेला माणूस, पण हा दावा त्यांना मंजूर करावा लागला. क्लेमेंट गेल्यावर ते मनोरमाबाईंना म्हणाले, सगळी घासतो, रविवारी. मनोरमाबाईंनी आजवर त्या शेवाळाबद्दल एक शब्द गोड काढला नव्हता. त्या उठल्या, मोरीतला तारेचा ब्रश त्यांनी हातात घेतला, जरा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला.

"तारेचा नको," त्या म्हणाल्या. "काथ्याचा घ्या. दगडाला तरी धरून राहील थोडी."

रविवारी आगाशीहून मुलाची आई आणि मामा आले. मुलगा आला नाही, त्याला आणलाच नव्हता. अख्खी सोसायटी पार्किंगमध्ये जमली होती, विहिरीपासून सावध अंतर ठेवून. हरिश्चंद्रकाका खुर्ची टाकून बसले होते. मथुराकाकू उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे हेमाली. पावसाळा जाऊन बरेच दिवस झाले होते. कठड्यावरची हरिता वाळून करपली होती, काथ्याच्या ब्रशच्याच रंगाची झाली होती. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती जुनी मळाची खपली वाटली असती. मुलाच्या आईच्या चेहऱ्यावरून तिला तसंच वाटत असावं.

सुधाकरराव बादली आणि ब्रश घेऊन पुढे झाले. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी चार वाक्यं घरून तयार करून आणली होती, त्यांतलं एकही आठवेना. त्यांनी कठड्याच्या टोकाशी ब्रश टेकवला आणि घासायला सुरुवात केली. कोरडा, खरखर आवाज झाला. वीतभर जागा उघडी पडली, खालचा काळा दगड दिसला. पानं, देठ, टोप्या, सगळ्याची पूड होऊन त्यांच्या चपलांवर पडली. विहिरीतून कुणी आलं नाही. कुणी किंचाळलं नाही. मागे लोकांनी सोडलेला श्वास ऐकू आला. सुधाकररावांच्या चष्म्यावर धुकं आलं होतं, पण ते कुणाला दिसू नये म्हणून ते तसेच वाकून राहिले.

"तेवढ्यानं काय होतंय?" मथुराकाकू म्हणाल्या. "पानी मारून नीट काढा, निघेल सगळं." त्यांनी आयुष्यभर मोऱ्या आणि ओटे घासले होते. कोरडं घासणं त्यांना बघवेना.

सुधाकररावांनी बादली उचलली आणि कठड्यावर रिकामी केली. मग ब्रश पुन्हा टेकवला. पण हात पुढे जाईना. पानं हलत होती. वाळून खोडाला चिकटलेली पानं एकेक करून बाजूला होत होती, उघडत होती, आणि तपकिरी रंग आतून हिरवा होत चालला होता. आधी एका कोपऱ्यात, मग पाणी ओघळलं त्या वाटेने, मग सगळीकडे. भिंगाची गरजच नव्हती. सोसायटीतली माणसं मागे सरकली, रोवेना मॅडमनी क्रूस केला, मामांनी गाडीची किल्ली बाहेर काढली.

मग हेमाली पुढे आली. तिचं लग्न, तिची विहीर आणि दोन महिने तिची झोप गेलेली. भ्यायचं ते तिचं भिऊन झालं होतं. तिने सुधाकररावांचा ब्रश हाताने बाजूला केला आणि कठड्यावर तळवा ठेवला.

"मऊ आहे किती," ती म्हणाली. "आजी, हात लावून बघ ना."

मथुराकाकूंनी लावला. मग मुलाची आई पुढे झाली, साडीचा पदर आवरून वाकली आणि एका बोटाने दाबून बघितलं. हे आत्ता मेलेलं होतं ना, असं तिने विचारलं.

प्रश्न हरिताबद्दल होता. सुधाकररावांनी घसा साफ केला. श्रावणापासून ते ह्या प्रश्नाची वाट बघत होते. पण तेवढ्यात क्लेमेंट तुस्कानो पुढे सरसावला. त्याने ती सूचना इतक्या वेळा वाचली होती की त्याला पाठ होती, आणि सभेतलं सुधाकररावांचं भाषणही त्याच्या लक्षात होतं. मेलेलं नाही मॅडम, तो म्हणाला, हिला मुळं नसतात, ही पानांनीच पाणी पिते. उन्हाळ्यात अशी पडून राहते, पाणी मिळालं की उठते. झाडांच्या पण आधीची आहे, चाळीस लाख वर्षं जुनी. कोटी, असं सुधाकरराव पुटपुटले, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. जणू आपण तिच्यावर लाद्या बसवणारच नव्हतो, अशा जिव्हाळ्याने क्लेमेंट बोलत होता, आणि भाडेकरूसुद्धा मान डोलावत जवळ आले होते. एकेक जण वाकत होता, बोट लावत होता. सुधाकररावांना राग यायला हवा होता, पण भलताच आनंद होत होता.

मुलाची आई सरळ उभी राहिली. आमच्या आगाशीच्या विहिरीलाही हे असतं, ती म्हणाली, आम्ही आपलं शेवाळ म्हणतो. मग तिचं लक्ष ब्रश हातात धरलेल्या, चपलांवर पूड पडलेल्या माणसाकडे गेलं. हे सफाईला ठेवलेत का, असं तिने हळूच क्लेमेंटला विचारलं.

"छे छे," क्लेमेंट म्हणाला. "हे हरिताचे बाबा."

सुधाकररावांनी आयुष्यात चुकीचं विधान दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. मग ब्रश खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि नमस्कार केला.

"मग उन्हाळाभर हिला पाणी कोण घालतं?" मुलाच्या आईने त्यांना विचारलं. ह्या वेळी ती खरोखरच विचारत होती.

"कुणीच नाही," सुधाकरराव म्हणाले. "ती वाट बघते."

"तिला बघू दे वाट," मथुराकाकू म्हणाल्या. "आमची हेमाली किती बघनार? चला घरात, चहा घेऊ, आनि तारीख काढा."